आईचा एकतारी पाक

मळवलीला आमच्या आळीत दिवाळीचे रव्याचे लाडू करायचे म्हटलं की पाक बघायला आईला बोलावणं यायचं. ती चिमटीत थेंब धरून बोटं फाकवायची, एक तार निघाली की "उतरव!" म्हणायची. तिच्या शब्दाशिवाय पातेलं हलत नसे.

गेल्या वर्षी साखरेच्या दुखण्याने तिच्या बोटांची जाणीव गेली, नजरही अधू झाली. शेजारीण बोलवायला आली तर आई म्हणाली, "माझी बोटं मेली गं. दुसरं कुणी बघ." मग दिवसभर गप्प बसली. तोंडाचा पट्टा कधी न थांबणारी बाई ती; मला ते बघवेना.

मी तळेगावात रसायनशास्त्र शिकवते. म्हटलं, बोटं नसली तर नसली, गणित आहे! पाण्यात साखर विरघळली की त्याचा उत्कलनबिंदू चढतो; पाक जितका घट्ट, तितका जास्त. मी कागदावर हिशोब मांडला. एवढ्या घट्ट पाकाला पुस्तकी सूत्र तोकडं पडतं, म्हणून थोडी दुरुस्ती केली. एकतारीला पाच अंशांची वाढ. शंभर अधिक पाच. मोठे आकडे दिसणारा नवा थर्मामीटर आणला, एकशे पाचला पातेलं उतरवलं आणि ऐटीत लाडू वळले.

संध्याकाळी आईने एक लाडू ताटात टाकला. ठण्ण!

"आगं, हे खायाचं का गोफणीत घालायचं?" म्हणाली आणि हसत सुटली. हसली खरी, पण दुसऱ्या घाण्याचं नाव काढू देईना.

सकाळी चहाच्या आधणात मी सहज थर्मामीटर बुडवला. पाणी खळाखळा उकळत होतं आणि आकडा अठ्ठ्याण्णव! आम्ही राहतो उंचावर, इथे हवेचा दाब कमी, पाणी लवकर उकळणारच. वर्गात हे घसा फोडून सांगते आणि घरी शंभर धरून बसले. म्हणजे अठ्ठ्याण्णव अधिक पाच, एकतारी एकशे तीनला!

आईला आधणातला आकडा दाखवला, तेव्हा कुठे ती दुसऱ्या घाण्याला तयार झाली. या वेळी थर्मामीटर तिच्याच हातात दिला. एकशे तीन दिसताच तिने मला कोपराने ढकललं आणि मी पातेलं उतरवलं. लाडू असे मऊ झाले की वळतानाच दोन पोटात गेले.

दुपारी आई थर्मामीटर पदराखाली घेऊन कुणी न बोलावताच शेजारी गेली. मी मागे निघाले तर म्हणाली, "तू कशाला? हितंच बस."

मी ओट्यापाशी कान देऊन उभी राहिले. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून तिचा तो जुना, खणखणीत आवाज आला, "उतरव!"

आनंदाने मला रडूच फुटलं.