फुटायचं नाव न घेणारी धमनी

फट्! तिसरीही ट्यूब फुटली. पाणी समोरच्या काचेवर उडालं. अनया म्हणाली, "मेधाकाकू, माझं मशीन ओके आहे. तुमच्या आर्टरीज वीक आहेत."

फ्रीमाँटमधल्या एका छोट्या बायोटेक कंपनीत आम्ही लॅबमध्ये धमन्या वाढवायचो. डायलिसिस करून करून ज्यांच्या शिरा निकामी होतात, त्यांच्या हातात बसवायला. पेशी वाढवणं माझ्याकडे. अनया मेकॅनिकल इंजिनिअर, इथेच अमेरिकेत जन्मलेली. तिची आई माझी मैत्रीण, म्हणून मीटिंगमध्ये मी नुसती 'मेधा' आणि लॅबमध्ये 'काकू'. तिच्याकडे बर्स्ट टेस्ट होती. ट्यूबमध्ये पाणी भरायचं, दाब वाढवत न्यायचा आणि ती कधी फुटते ते बघायचं. चांगली धमनी आपल्या रक्तदाबाच्या कितीतरी पट दाब सोसते. आमच्या ट्यूब त्याच्या जवळपासही जात नव्हत्या.

माझा पहिला संशय व्हिटॅमिन सीवर. धमनीची ताकद कोलॅजेनमध्ये असते. कोलॅजेन म्हणजे पेशींनी विणलेले प्रोटीनचे दोर, तीन पेडांची वेणीच म्हणा ना. व्हिटॅमिन सी नसेल तर ती वेणी टिकत नाही, उलगडते. आमच्या मीडियात, म्हणजे पेशींना देतो त्या पोषक पाण्यात, ते घातलेलं होतं. पण मोठी बाटली एकदाच बनवून आठवडे वापरायची पद्धत होती, आणि व्हिटॅमिन सी फार टिकत नाही. बाटली तपासली तर त्यात जवळजवळ काही उरलंच नव्हतं!

मग दर वेळी ताजं घालायला लागलो. पुढची बॅच बघून मला नाचावंसं वाटलं. जाड, पांढऱ्याशुभ्र ट्यूब. कोलॅजेन भरपूर.

टेस्टला लावल्या. फट्.

आमचा बॉस ग्रेग दारातच उभा होता. "मेधा, प्राण्यांवरच्या ट्रायलसाठी सर्जन थांबलेत. आणखी एक बॅच. तीही फुटली तर प्रोजेक्ट बंद."

तो गेल्यावर अनयाने फुटलेला तुकडा चिमट्यात धरून ताणला. "काकू, लुक. हा परत येत नाही. च्युइंगगमसारखा लांबतच जातोय."

मी बघतच राहिले. दोर भरपूर आहेत, पण एकमेकांना बांधलेलेच नाहीत! खात्री करायला सोपी युक्ती होती. तुकडा सौम्य ॲसिडमध्ये ठेवायचा. नीट बांधलेलं कोलॅजेन सहसा विरघळत नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर आमचा तुकडा बराचसा विरघळलेला.

दोरांना दोर बांधायचं काम एक एन्झाइम करतं, आणि त्याला तांबं लागतं. अगदी कणभर, पण त्याशिवाय ते चालत नाही. सुरुवातीच्या ट्यूब काही अशा च्युइंगगमसारख्या नव्हत्या, मग त्यांना ते कुठून मिळत होतं? मी धावतच ग्रेगच्या केबिनमध्ये गेले.

"आपण सीरम कधी बंद केलं?"

"नवा मीडिया आणला तेव्हा. का?"

सीरम म्हणजे गाईच्या रक्तातला पातळ भाग. मीडिया शुद्ध हवा म्हणून आम्ही तो काढून टाकला होता. "ग्रेग, त्यातून तांबं येत होतं! नव्या मीडियात ते नाहीच!"

"मग घाल की. सगळ्या ट्यूबना."

"नाही. काहींना नाही घालणार. नाहीतर तांब्यानेच फरक पडला हे कळणार कसं?"

"शेवटच्या बॅचमध्ये?"

"शेवटच्याच बॅचमध्ये."

तो कपाळावर हात मारून हसला, पण हो म्हणाला. आधी नुसत्या पेशींवर प्रमाण ठरवलं. थोडं जास्त झालं तर पेशी मरत होत्या. मग काही आठवडे वाट बघणं. रोज इन्क्यूबेटरच्या काचेला नाक लावून बसायचे मी.

टेस्टच्या दिवशी अख्खी टीम जमली. तांब्याशिवायची ट्यूब लावली. फट्. मग तांब्याची. दाब चढायला लागला. आधीच्या सगळ्या ट्यूब फुटल्या तो आकडा मागे पडला. अनया ओरडायला लागली, "गो, गो, गो!" सर्जननी मागितलेला आकडाही मागे पडला. ग्रेग पुढे वाकला. आणि धाडकन आवाज होऊन त्याच्या शर्टावर फवारा उडाला.

अनयाने वाकून बघितलं आणि ती किंचाळली, "काकू, आर्टरी नाही फुटली! ट्यूब धरणारा माझा क्लॅम्प सुटला!"

आम्ही दोघी उड्या मारत होतो. ग्रेग ओल्या शर्टानेच सर्जनना फोन लावत होता. ट्रायल ठरल्या वेळी सुरू झाली.

ही गोष्ट ऐकून ओळखीतल्या एका काकांनी विचारलं, तांब्याच्या गोळ्या सुरू करू का? म्हटलं, काका, डाळी-दाण्यांतून लागतं तेवढं मिळतं. जास्त झालं की पेशींचं काय होतं ते मी पाहिलंय. मी स्वतः यातून एवढंच शिकले: एखादी गोष्ट शुद्ध करायला निघालात, तर तिच्याबरोबर काय काय बाहेर जातंय ते आधी बघा.