नदीकडली डावी

महाडात दोन नद्या आहेत हे मला त्या दिवसापर्यंत कुणी म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याचा राग मला अजून आहे. भूगोलात गंगा होती, यमुना होती. कुणाला तिकडं जायचं होतं? महाडला जायचं होतं, तर महाडचं सांगावं की नाही?

आमचं गाव पोलादपूरच्या वर, सावित्रीच्या काठाला. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला डोंगर, आणि मध्ये माणसं कशीबशी मावतील एवढी जागा. शाळा चौथीपर्यंत, खोली एक आणि गुरुजी एक. गुरुजी घाटावरचे, काटकुळे आणि दम्याचे. शेवटचा तास शारीरिक शिक्षणाचा असायचा. शरीरं आम्ही घरून आणायचो, शिक्षण गुरुजी द्यायचे, त्यापलीकडं सरकारनं आम्हाला एक चेंडू दिला होता. त्यातली हवा मी शाळेत जायच्या आधीच गेली होती. गुरुजींनी त्याच्यात लुगड्याच्या चिंध्या कोंबून तो शिवून घेतला होता. त्याला लाथ मारली की तो धप्पकन तिथंच बसायचा आणि लाथ मारणारा पाय धरून त्याच्या शेजारी बसायचा.

मैदान म्हणजे भात कापून झालेलं खाचर. धसकटं पायाला अशी टोचायची की कदमतालात सगळ्यांचे गुडघे छातीपर्यंत जायचे. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा त्याचं फार कौतुक केलं. गुरुजींनी धसकटांचं नाव काढलं नाही.

अडचण गुरुजींच्या दम्याची होती. 'पुढे चल' एवढं ते म्हणायचे आणि त्यांना खोकला यायचा. 'थांब' म्हणायला श्वास उरायचा नाही. मग पहिली ओळ चालत चालत बांधावरून खालच्या खाचरात जायची, तिच्या मागोमाग दुसरी, कारण शिस्त म्हणजे शिस्त! शेवटी गुरुजींनी आज्ञा द्यायचं काम माझ्याकडं दिलं. मी चौथीत होते आणि माझा आवाज सगळ्या पंचक्रोशीला माहीत होता. आई म्हणायची, "गो, जरा हळू बोल, महाबळेश्वरातनं मान्सं इचारत येतील काय झालं म्हनून."

मी ओरडले की अख्खं खाचर वळायचं. पण कुणीकडं वळायचं? आमच्या गावात डावं-उजवं कुणी बोलायचंच नाही. "नदीकडचा डोळा आलाय," असं म्हणायचे. "डोंगराकडल्या पायात काटा गेला." शेजारच्या काकू बसल्या जागी दुसऱ्या बाजूला वळल्या की त्यांचा दुखरा गुडघाही नदीकडचा होता तो डोंगराकडचा व्हायचा, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. गुरुजी घाटावरचे, त्यांना याचं डोकं दुखायचं. त्यांनी आधी युक्ती काढली, "ज्या हातानं जेवता तो उजवा." झालं! पहिल्या ओळीतला एक मुलगा डावखुरा निघाला. तो प्रामाणिकपणे आपल्या जेवायच्या हाताकडं वळायचा, शेजारच्याच्या नाकावर नाक आपटायचं, आणि मग कोण चुकलं यावर मारामारी. बाकीच्यांना जेवायचा हात म्हटला की भूक लागायची.

शेवटी गुरुजींनी हात टेकले. शाळेकडं तोंड करून उभं राहिलं की नदी डावीकडं येते हे त्यांनी हेरलं आणि सांगून टाकलं, "डावी म्हणजे नदीकडली. उजवी म्हणजे डोंगराकडली. संपलं!"

काय सांगू, त्या दिवसापासून एक पोर चुकलं नाही.

त्याच वर्षी निरोप आला की महाडला शाळांच्या कवायतीच्या स्पर्धा आहेत आणि पहिल्या येणाऱ्या शाळेला लेझिमींचा संच मिळणार आहे. लेझीम आम्ही खेळायचो, पण तिच्याशिवाय. हातात नुसत्या बांबूच्या काठ्या, आणि आवाज तोंडानं, "छन् छन्, छन्न!" दोन दात पडलेली पोरं 'फन् फन्' करायची, तेवढं चालवून घ्यायचो. खरी लेझीम मी पाचाडला मावशीकडं गेले होते तेव्हा पाहिली होती, तिथल्या शाळेतल्या पोरींच्या हातात. हात लावायला मागितला तर म्हणाल्या, "मोडशील." लोखंडाची साखळी मी मोडणार! मला रडू आलं होतं, आणि तेव्हापासून मला दुसरं काही नकोच होतं. मला ती लेझीम हवी होती, माझ्या हातात, माझ्या शाळेत.

गुरुजींना माझ्याहून जास्त हवी होती, हे मला त्यांनी भिंतीत खिळे ठोकले तेव्हा कळलं. स्पर्धेच्या आधीच! फळ्याच्या शेजारी त्यांनी खिळ्यांची लांबलचक रांग ठोकली आणि धापा टाकत म्हणाले, "इथं टांगायच्या." रोज सकाळी प्रार्थनेला आम्ही डोळे मिटायचो आणि मी एक डोळा उघडून खिळे बघायचे.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही आपापल्या बांबूच्या काठ्या घेऊन फाट्यावर लाल गाडीत चढलो. महाडच्या अलीकडं लांबच्या लांब दगडी पूल आला आणि खाली पाणी दिसलं. सगळी गाडी एका खिडकीला. "आपली नदी! आपली नदी आली गो!" कंडक्टरनं कपाळाला हात लावला. आम्हाला केवढा धीर आला! परक्या गावात आपली नदी भेटली होती.

इथवर सगळं ठीक होतं. पण गाडीच्या मागच्या सीटवर बसलेल्यांच्या अंगावर एवढा धुरळा उडाला होता की नुसते डोळे दिसत होते. गुरुजी म्हणाले, "हे असे पंचांपुढं नेऊ काय?" आणि मागच्या ओळींना हातपाय धुवायला घेऊन गेले. कुठं नेलं? गांधारीवर. ती महाडची दुसरी नदी. आम्ही पुढच्या ओळीवाले स्वच्छ होतो, म्हणून आम्ही मैदानावरच थांबलो.

काय ते मैदान! सपाट. धसकट नाही, बांध नाही. आमची पोरं सवयीनं गुडघे छातीपर्यंत उचलत आत आली, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मांडवात पंच बसलेले, त्यांच्यासमोर टेबलावर नव्या कोऱ्या लेझिमी. मधले मोठे पंच खूश होऊन शेजारच्याला काहीतरी म्हणाले. मला वाटलं, जिंकलो. गुरुजींनी माझ्याकडं बघून मान हलवली. मी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले, "डावीकडेऽऽ वळ!"

पुढच्या ओळी सावित्रीकडं वळल्या. मागच्या ओळी गांधारीकडं वळल्या. दोन्ही बाजू एकमेकींना पाठ करून ताठ उभ्या, हनुवट्या वर, आणि सगळ्यांची खात्री की आपणच बरोबर.

"अरे, नदी हिकडं हाय!"

"नाय रे, आताच पाय धुवून आलो, तिकडं हाय!"

"ती आपली नाय!"

"नदी ती नदी!"

मी घाबरून 'मागे वळ' म्हणाले. त्यानं काय व्हायचं होतं ते झालं. दोन्ही बाजू गर्रकन फिरल्या आणि आता एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभ्या राहिल्या. डावखुरा मुलगा म्हणाला, "मी आधीच सांगत होतो जेवायचा हात बरा." सगळं मैदान हसायला लागलं. शेंगदाणे विकणारासुद्धा टोपली खाली ठेवून हसत होता.

मोठ्या पंचांनी गुरुजींना बोलावलं. "गुरुजी, हा काय प्रकार?" गुरुजींनी तोंड उघडलं आणि त्यांना खोकला आला. ते लाल झाले, वाकले, पण शब्द काही निघेना. मला इतका संताप आला की बस. मी पुढं गेले आणि म्हणाले, "साहेब, आमचं काय चुकलं नाय. आमच्याकडं नदी एकच हाय. तुमच्या महाडात दोन हायेत, त्याला आमी काय करनार?"

पंच हसून हसून डोळे पुसायला लागले. मग त्यांचं लक्ष आमच्या शेवटच्या पोरीकडं गेलं. ती पहिलीतली, आमच्याच बौद्धवाडीतली, तुकडीत सगळ्यांत बुटकी. ती सावित्रीकडं वळली नव्हती, गांधारीकडंही नाही. तिसरीकडंच तोंड करून उभी होती आणि कुणी काही म्हटलं तरी हलली नव्हती.

"आणि तू गं कुणीकडं वळलीस?"

"तळ्याकडं," ती म्हणाली. आमच्या वाडीतले सगळे दर मार्चला चवदार तळ्यावर यायचे. तिच्या लेखी महाडात दुसरं पाणीच नव्हतं. "आये म्हनली, म्हाडात आपलं पानी त्येच."

मोठे पंच हसायचे थांबले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरोबर वळलीस बाळ." मग गुरुजींना खुर्ची दिली, पाणी दिलं. लेझिमी मात्र महाडच्या शाळेला दिल्या. का देऊ नयेत, ती पोरं सगळी एकीकडं वळली होती. पण मी भोकाड पसरलं ते पसरलंच. शेवटी महाडच्या एका पोरीला माझी दया आली. ती म्हणाली, "घे, बघ वाजवून." मी लेझीम घेतली. काय गार लागली हाताला! मी ती उघडली आणि मिटली, आणि ती वाजली, छन्न! पण तिच्याबरोबर माझं तोंडही वाजलं.

"तू कशाला ओरडतेस? ती वाजतेय की," ती पोरगी म्हणाली.

मी पुन्हा वाजवली. पुन्हा तोंड वाजलं. ते काही केल्या गप्प बसेना. मग तिनं लेझीम परत घेतली.

परतीच्या गाडीत मी गुरुजींच्या शेजारी बसले होते. ते खिडकीबाहेर बघत होते. मी विचारलं, "गुरुजी, खिळ्यांचं काय करायचं?" त्यांना खोकल्याची उबळ आली. मला वाटलं, कशाला विचारलं मी मेलीनं.

फाट्यावर उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. कंडक्टर सकाळचाच होता. आम्ही गावाच्या वाटेकडं तोंड करून ओळीत उभे राहिलो, खाली नदी वाजत होती. गुरुजींनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा आमच्याकडं. मग माझ्यासाठी न थांबता, होता नव्हता तेवढा श्वास गोळा करून ते स्वतःच ओरडले, "डावीकडेऽऽ वळ!"

सगळे वळलो. पुढची ओळ, मागची ओळ, डावखुरा, ती बुटकी पोरगी, सगळे एकदम नदीकडं. एवढ्या पायांचा एकच आवाज झाला.

कंडक्टर दारात लोंबकळत बघत होता. "वा गुरुजी! पयला नंबर काडला जनू!"

गुरुजी आयुष्यात खोटं बोलले नव्हते. ते म्हणाले, "होय."

"मंग बक्षीस कुटं हाय?"

गुरुजींनी आमच्याकडं बघितलं. मी आज्ञा दिली नाही, देवाशपथ दिली नाही. पण सगळ्या काठ्या एकदम वर गेल्या आणि सगळी तोंडं एकदम उघडली, "छन्न!"

दात पडलेल्यांचं 'फन्न' त्यात ऐकू आलं. गुरुजींचंही.