तरुभाभींच्या हातात दोर

आमच्या पोळमध्ये, म्हणजे जुन्या शहरातल्या या दाटीच्या गल्लीत, घरांना भिंती कमी आणि कान जास्त. त्यामुळे तरुलताभाभींबद्दल मी सांगतोय ते काही ऐकीव नाही. त्यांची गच्ची आणि माझी गच्ची यांच्यामध्ये कमरेएवढा कठडा आहे, आणि माझी कंबर बरीच वर्षं त्या कठड्यावरच टेकलेली आहे.

भाभी नडियादच्या. लग्न होऊन आल्या त्या वर्षीच्या उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, मनहरभाईंनी त्यांच्या हातात मांजाची जी फिरकी दिली, ती आजतागायत परत घेतली नाही. नवऱ्यानं पतंग उडवायचा आणि बायकोनं मागे उभं राहून फिरकी धरायची, हे आमच्याकडे सप्तपदीतच धरलेलं असतं. पतंग कटला तर फिरकीचा दोष, दुसऱ्याचा कापला तर नवऱ्याचं कौतुक. आता मनहरभाईंचा पतंग दर वर्षी समोरच्या गच्चीवरचा बिपिन सोनी कापतो. म्हणजे भाभींच्या वाट्याला काय येत असेल बघा.

“तरु, ढील वेळेवर सुटली नाही!” मनहरभाई ओरडायचे. गॉगल, टोपी, बोटांना पट्ट्या, असा सगळा सरंजाम.

भाभी तुटलेला मांजा गुंडाळत मला हळूच म्हणायच्या, “नानाभाई, तिथे खेचायला हवं होतं. हे ढील मागत बसले.”

गेल्या दिवाळीत त्यांची मीता कॅनडाहून आली आणि पप्पांना कॅमेऱ्याचा ड्रोन देऊन गेली. तळहातावर मावेल एवढा, चार पंख्यांचा. मनहरभाईंनी लगेच जाहीर केलं की पोळमधल्या वरातींचं शूटिंग आता तेच करणार. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो बिपिनच्या गच्चीवर इतका खाली नेला, की पंख्यांच्या वाऱ्यानं वाळत घातलेले निम्मे पापड गल्लीत. बिपिनची बायको कडाडली, “माझ्या गच्चीत डोळे घालायला लाज नाही वाटत, या वयात?” त्यात आवाज असा, की कुणी आभाळात मिक्सर लावून चटणी वाटतंय. आणि पंचवीस मिनिटांत बॅटरी गारद. मनहरभाईंनी त्याचं नाव ‘डबा’ ठेवून तो कपाटावर टाकला.

तो खाली काढला भाभींनी. दुपारी खाकरे शेकून झाले की गच्चीवर यायच्या, फोनवर मीताची शिकवणी चालायची. थोड्याच दिवसांत ड्रोन त्यांच्या धाकात आला. मी विचारलं, “भाभी, काय आहे एवढं त्या डब्यात?”

“हात काढून घेतला तरी जागच्या जागी उभा राहतो, नानाभाई. न सांगता कुठे जात नाही. आपल्या घरात असं दुसरं कोण आहे?”

उत्तरायणाच्या आदल्या संध्याकाळी सगळी पोळ ओट्यावर पतंगांना कन्न्या बांधत बसली होती. भाभी अचानक म्हणाल्या, “या वर्षी दोर माझ्या हातात द्या.”

हशा पिकला. मनहरभाईंना तर खोकलाच आला. मग ते ऐटीत म्हणाले, “घे की! उद्या सकाळी ज्याचा पतंग आधी आभाळात ठरेल, दिवसभर दोर त्याचा. दुसऱ्यानं फिरकी धरायची.”

“ऐकलं हं सगळ्यांनी!” बिपिन म्हणाला. “मनहरभाई, आता फिरायचं नाही.”

“फिरतोय कोण? माझ्या आधी हिचा पतंग चढला तर मी मिशी उतरवीन.”

“मिशी राहू द्या,” भाभी म्हणाल्या. “फिरकी धरा म्हणजे झालं.”

सकाळ उजाडली आणि वारा बेपत्ता. उंधियूच्या चुलीचा धूर काठीसारखा सरळ उभा. सगळ्या गच्च्यांवर भोंगे लागलेले, माणसं खचाखच, आणि आभाळ कोरं. पोरं लांबच्या गच्चीवर जाऊन, पतंग डोक्यावर धरून छूट देत होती. इकडून दोर खेचला की पतंग चार हात चढून गोता खाई. मनहरभाई तर उलट्या पावलांनी धावता धावता उसाच्या मोळीवर बसले.

भाभींनी पतंगाला हातसुद्धा लावला नव्हता. मीताला पोळ बघायची म्हणून त्यांनी ड्रोन वर पाठवला होता. तो पार ठिपक्याएवढा झाला आणि फोन टुंटुं करू लागला. मी वाकून वाचलं : वारा जोराचा आहे, खाली उतरवा.

“बिघडला डबा!” मनहरभाई म्हणाले. “इथे मेणबत्ती विझत नाही, आणि म्हणे वारा!”

भाभी पडद्याकडे बघत राहिल्या. चित्र थरथरत होतं. त्यांनी ड्रोन उतरवला, बॅटरी बदलली आणि म्हणाल्या, “नानाभाई, वहिनींकडे शिवणाच्या दोऱ्याचं रीळ असेल ना?”

मी बायकोकडून आणून दिलं. भाभींनी पतंगाचा माथा त्या कच्च्या दोऱ्यानं ड्रोनच्या पोटाला बांधला आणि वर नेला. पंख्यांचा वारा थेट पतंगावर. गच्चीच्या बाहेर जाईपर्यंत कागदाच्या चिंध्या. मनहरभाई खदखदून हसले.

भाभींनी दुसरा पतंग घेतला. या वेळी दोरा चांगला दोन साड्यांएवढा लांब ठेवला. मांजाची फिरकी माझ्या हातात. ड्रोन चढत गेला, खाली लांबवर पतंग मुकाट लोंबत, त्याखाली मांजा. फोन टुंटुं करू लागला तसा भाभींनी रिमोट टाकीवर ठेवला. ड्रोन वर उभाच. त्यांनी दोर हातात घेतला, थांबल्या. पतंगाचं पोट फुगलं.

एक झटका. कच्चा दोरा तुटला.

सगळ्या शहरावर एकच पतंग, लाल, आमच्या तरुभाभींचा!

गच्च्यागच्च्यांवरून थाळ्या वाजल्या. भाभी दोर सांभाळत बाजूला सरकल्या; बॅटरी संपत आलेला ड्रोन आपला आपण खाली आला आणि चिक्कीचे कागद उडवत बसला.

“हे चालणार नाही!” मनहरभाई ओरडले. “यंत्रानं चढवलाय!”

समोरून बिपिननं भोंगा तोंडाला लावला. “मनहरभाई, छूट कोणीही द्यावी! पोरानं द्यावी, माकडानं द्यावी, डब्यानं द्यावी! दोर कोणाच्या हातात आहे ते बघा!”

“बिपिनभाई, आभार,” भाभी म्हणाल्या. “आता तुमचा चढवा. वाट बघतेय.”

थोड्या वेळानं वारा गच्च्यांपर्यंत उतरला आणि आभाळ भरलं. बिपिनचा काळा पतंग थेट लालवर आला. पेच लागला. फिरकी आता मनहरभाईंकडे होती, तोंड एवढंसं.

“ढील, तरु, ढील!” ते ओरडले.

भाभींनी खेचलं. सपासप, कोपरापर्यंत हात मागे नेत. काळा पतंग एकदा डुलला आणि वाऱ्यावर निघाला.

“ए काप्यो!” सगळी पोळ ओरडली. बिपिनची बायको तर स्वतःच्या नवऱ्याचा पतंग कटल्यावर नाचत होती.

भाभींच्या बोटातून थोडं रक्त येत होतं. मनहरभाईंनी स्वतःच्या बोटाची पट्टी सोडून त्यांच्या बोटाला गुंडाळली. मग फिरकी पुन्हा उचलली.

भाभींची नजर वरच होती.

“मीताचे पप्पा, फिरकी सैल धरा,” त्या म्हणाल्या. “आता तो पिवळा घेते.”