खुर्द, बुद्रुक आणि माझी झोप

माझा नवरा घोरतो, हे आमच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांत पक्कं ठरलेलं होतं. तो स्वतःच तसं सांगायचा. पाहुणे मुक्कामी राहिले की सकाळी चहा देतादेता म्हणायचा, "माझ्या घोरण्यानं तुमची झोपमोड झाली असंल, माफी करा बरं." पाहुणे "छे छे" म्हणत डोळे चोळायचे आणि माझ्याकडे दयेनं बघायचे. मीही कपाळाला हात लावायचे. वीस वर्षं मी सकाळी दुखरं डोकं घेऊन उठत होते, आणि त्याचं खापर त्याच्यावर फोडत होते. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. ऐकून घ्यायची सवय होती.

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात मी सरकारी कचेरीतल्या टंचाई कक्षात कारकून होते. मंजूर गावांच्या यादीवरून दुसऱ्या दिवशीच्या टँकरच्या फेऱ्यांचा आदेश लिहायचा, हे माझं काम. अख्खा जिल्हा पाण्यासाठी रात्र रात्र जागत होता आणि मी भरदिवसा खुर्चीत पेंगत होते. फोन कानाला लावून झोपायचे, सही करताकरता झोपायचे. विहारातसुद्धा भन्तेजी म्हणायचे, "येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवा," की तिसऱ्या श्वासाला मी गेलेली असायचे. पुरुषांच्या बाजूनं नवऱ्याला नेमका तेव्हाच जोराचा खोकला यायचा. त्याला धूळ सोसत नाही, असं मी समजत होते.

एका दुपारी मी आदेशात बुद्रुकच्या जागी खुर्द लिहिलं. गावाचं नाव एकच, मधे चार किलोमीटर. मागणी बुद्रुकची, टँकर दोन दिवस खुर्दला गेला. तिसऱ्या दिवशी बुद्रुकचे लोक रिकाम्या घागरी घेऊन दारात बसले, आणि मला कारणे दाखवा नोटीस मिळाली.

त्याच दिवशी खुर्दचे सरपंच हार घेऊन आले. त्यांचा प्रस्ताव दीड महिना तालुक्यालाच अडकून पडला होता.

"म्याडम, आम्ही चकरा मारून मारून थकलो होतो," ते म्हणाले. "तुम्ही कागद न बघता माणूस बघितला."

मी दोन्ही बघितलं नव्हतं. हार मात्र गळ्यात पडला. समोर टेबलावर नोटीस होती, आणि साहेब दारात उभं राहून बघत होते. सरपंच गेल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. मला वाटलं, आता निलंबन.

"मॅडम, नोटिशीचं उत्तर द्या, ते द्यावंच लागेल," साहेब म्हणाले. "पण तुम्ही खुर्चीत झोपता तेव्हा मधेच तुमचा श्वास थांबतो, आणि मग दचकून सुरू होतो. माझ्या वडिलांचं असंच व्हायचं. दाखवून घ्या."

कोणीतरी नांदेडच्या छातीच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. नवरा रजा टाकून बरोबर आला. डॉक्टरांनी माझी मान मापली, घसा बघितला आणि त्याला विचारलं, "या घोरतात का?"

"मी घोरतो," नवरा म्हणाला.

"तुमचं नाही विचारलं मी."

नवरा भिंतीवरचं फुप्फुसांचं चित्र बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "हाव. लग्न झाल्यापासून."

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं नाही बघितलं.

डॉक्टरांनी एका रात्रीची तपासणी करायला लावली. डोक्याला, छातीला, बोटाला वायरी चिकटवून "आता नेहमीसारखं झोपा" म्हणाले. मी नेहमीसारखीच झोपले. रिपोर्ट आला, तासाला चाळीसच्या वर वेळा माझा श्वास थांबत होता. झोपेत घसा मिटतो, मेंदू दचकून उठवतो, आपल्याला कळतही नाही. म्हणजे ज्या बाईला सगळं ऑफिस झोपाळू म्हणत होतं, ती कित्येक वर्षं झोपलीच नव्हती.

परतताना एस.टी. वाटेत एका फाट्यावर थांबली. नवऱ्यानं खिडकीतून केळी घेतली आणि एक सोलून माझ्या हातात दिलं.

"का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"काय सांगायचं? बाईमाणूस घोरतं म्हणलं की लोक लई हसतात. माझ्यावर हसून राहिले तर माझं काय बिघडतंय?"

यात कौतुक करावं की भांडावं, मला ठरवता येईना. त्याच्या त्या भलेपणापायी माझं दुखणं वीस वर्षं लपून राहिलं होतं. मी केळं खाल्लं आणि लातूरपर्यंत त्याच्या खांद्यावर झोपले. तो म्हणतो, कंडक्टरनं मागं वळून बघितलं, तेव्हाही आवाज आपलाच वाटावा म्हणून यानं स्वतःचं तोंड उघडं ठेवलं होतं.

मशीन आली. टिफिनच्या डब्याएवढी, तिला लांब नळी, नळीला नाकावर बसणारा मास्क. घसा मिटू नये म्हणून ती रात्रभर दाबानं हवा सोडते. पहिल्या रात्री वाटलं, मोटारसायकलवर तोंड उघडं टाकून बसलेय. मी तो मास्क तीनदा ओढून काढला. चौथ्यांदा नवऱ्यानं पट्टे सैल केले, कुशीवर वळवलं, म्हणाला, "पाच मिनिटं फक्त लावून पड. झोपू नको." झोपू नको म्हटल्यावर मला झोप लागली.

आता तो झोपेना. वीस वर्षं ज्या आवाजात झोपला, तो आवाजच बंद झाला होता. सकाळी लाल डोळ्यांनी म्हणाला, "तू हायस का न्हाईस, सारखं बघत होतो."

मशीनला एक पाण्याची टाकी असते. हवा कोरडी लागू नये म्हणून तिच्यात रोज शुद्ध, डिस्टिल्ड पाणी घालायचं. मेडिकलवाल्याकडून मी त्याच्या बाटल्या आणायचे. शेजारच्या वहिनींनी ते बघितलं.

"आम्ही आठ दिवसाला अंघोळ करून राहिलो, अन् तुमची मशीन रोज पाणी पिते व्हय?" त्या म्हणाल्या. "बरंय बाई. टँकरच्या हापिसातल्या तुम्ही!"

पाणी अर्धा पेला होतं, पण मला लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून मी टाकी कोरडी ठेवली. चार दिवसांत नाक आतून सोलवटलं, शिंकताना रक्त आलं, आणि मी झोपेत मास्क काढून फेकू लागले. कचेरीत पुन्हा पेंग. मग एका संध्याकाळी नवऱ्यानं टाकी भरली आणि बाटली शेजारच्यांना दिसेल अशी खिडकीत ठेवली. चार दिवसांनी वहिनी आल्या. भांडायला आल्या असं समजून मी पदर खोचला.

"ती मशीन बघू द्या जरा," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "आमच्या ह्यांचा बी मधेच दम अडकतोय."

मी त्यांना नांदेडचा पत्ता लिहून दिला. या वेळी नीट बघून लिहिला.

महिनाभरानं एका रविवारी मी उठले तेव्हा साडेसात वाजले होते. डोकं दुखत नव्हतं. काहीतरी राहून गेलंय असं वाटून मी घरभर फिरले, गॅस बघितला, दार बघितलं. मग लक्षात आलं, दुखणंच तेवढं राहून गेलं होतं. मी ओट्याशी उभी राहून थोडी रडले, आणि मग पोहे केले.

बैठकांत आता मी टक्क जागी असायचे. पहिल्यांदाच सगळं ऐकलं, तेव्हा कळलं की झोपेत माझं फारसं काही बुडालं नव्हतं. भोवती बघितलं तर निम्मे अधिकारी डोळे मिटून बसलेले. त्यांना काही आजार नव्हता.

पुढं पाऊस झाला, टंचाई कक्ष बंद झाला, आणि मला नव्या जिल्ह्याच्या मागणीची फाईल दिली. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी लहान होते. आता त्यातूनच आणखी एक नवा मागत होते लोक. ते कागद कित्येक वर्षं कोणी हलवले नव्हते. मी ताजीतवानी होते. गावोगावच्या निवेदनांची यादी केली, एकेक खुर्द आणि बुद्रुक दोनदा तपासलं, दोन महिन्यांत स्वच्छ अहवाल लिहून वर पाठवला. त्याची पोच आली. दुसरं काही आलं नाही, आणि मी रोज रात्री आठ तास गाढ झोपत होते.