बिब्ब्याचा डाग

भावाचा पाय गुडघ्याखाली कापायचा, असं अमरावतीच्या सर्जननी सांगितलं आणि सोमवार दिला. टाचेतल्या गाठीच्या तुकड्यात हाडासारख्या पेशी निघाल्या होत्या, म्हणजे हाडाचा कॅन्सर. पण एक्स-रेमध्ये टाचेचं हाड स्वच्छ होतं. मला ते पटेना. लॅबमधून काचपट्ट्या आणि तुकडा ठेवलेला मेणाचा ठोकळा मागून घेतला, अकोल्याच्या एका पॅथॉलॉजिस्टची वेळ घेतली आणि शुक्रवारी भावाला गाडीत बसवलं.

मूर्तिजापूर गेलं तसा तो बोलला. "उगाच फिरवून राहिली तू मले, बाई. कापू दे एकदाचा. एका पायावर संत्र्याचा बगीचा पाह्यत नाईत का लोकं?"

"कोण पाहतं? एकाचं नाव सांग."

अकोल्यात तो लंगडत माझ्यामागून दवाखान्याच्या पायऱ्या चढला.

डॉक्टर मॅडमनी काचपट्टी बराच वेळ पाहिली. मग विचारलं, "गाठीच्या आधी तिथे काळा डाग होता?"

"नाही," मी म्हणाले.

"होता ना," भाऊ म्हणाला. "पण तो बिब्ब्याचा."

आमच्या वरूडकडे टाचेत काटा मोडला किंवा कुरूप झालं की बिबा तापवून त्याच्या तेलाचा चटका देतात. काळा डाग पडतो, बरेच दिवस राहतो. त्याला कोणी दुखणं समजत नाही. डॉक्टरांना सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"चटक्याने डाग पडला, की डाग होता म्हणून चटका दिला?"

भाऊ म्हणाला, "डाग पयले होता. मले वाटलं आत काटा हाय. म्हणून तं बिबा लावला."

मॅडमनी खुर्ची आमच्याकडे वळवली. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा एक कॅन्सर असतो, मेलानोमा. क्वचित त्याच्या पेशी रंग सोडून हाड तयार करायला लागतात आणि पाहणारा फसतो. "ठोकळ्यातून नवे काप घेऊन तपासते. तोवर पाय कापू देऊ नका."

मी तिथूनच फोन करून सोमवार रद्द केला. पुढच्या आठवड्यात अहवाल आला. मेलानोमाच होता.

अमरावतीच्या सर्जननी तो दोनदा वाचला. "टाचेचा तेवढा भाग काढू, मांडीची कातडी लावू. पाय राहील. पण हा आजार जांघेतल्या गाठींत लवकर शिरतो. तिथे काही लागतं हाताला?"

भावाने आधी माझ्याकडे पाहिलं.

"हाय. बोराएवढी. हिले नाई सांगितलं. लगेच गाडीत घातलं असतं तिनं."

सर्जननी पडदा ओढला आणि मला बाहेर थांबायला सांगितलं.