गढूळ पाण्यात ऊन उतरत नाही

गढूळ पाणी पाहिलं की अजूनही माझं डोकं फिरतं. नदीला पूर आला की लोक पुलावर बघायला जातात. मी दार लावून घेते.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी सुरतेला मावशीकडे राहून वनस्पतीशास्त्र शिकत होते. आमचं गाव खानदेशात, दोंडाईच्याजवळ. सर आम्हाला तापीच्या मुखाशी, खाडीत न्यायचे आणि दोरीला बांधलेली पांढरी थाळी पाण्यात सोडायला लावायचे. थाळी दिसेनाशी झाली की समजायचं, ऊन इथवरच. ती हातभरसुद्धा दिसायची नाही. उधाणाची भरती पाणी असं घुसळायची की तळाचा गाळ वर. मग डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक हिरव्या वनस्पतींना ऊन मिळत नाही, त्या वाढत नाहीत आणि त्यांच्यावर जगणारे सगळे उपाशी. अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटीचा जोर ओसरायचा, गाळ बसायचा, पाणी जरा हिरवट व्हायचं. काय वाढायचं ते तेवढ्यातच वाढायचं.

हे मी सुटीत घरी सांगितलं आणि थोरल्या भावाने मनावर घेतलं. तो सुरतेत कापडाच्या मागावर एक पावसाळा काढून, खोकला घेऊन परत आला होता. शेत काही बापलेकांना पुरण्यासारखं नव्हतं. म्हणून त्याने गावतळं मासे पाळायला घेतलं. आबांनी, म्हणजे वडिलांनी, बजावलं की वर्षभर बघ, नाही जमलं तर पुन्हा मागावर जा. मरण परवडलं पण माग नको, असं त्याचं झालं होतं.

पाणी हिरवं व्हावं म्हणून तो तळ्यात शेण टाकायचा. गावाने काय कमी चेष्टा केली? सगळं, बठ्ठं शेण तळ्यात टाकलं तर वावरात काय टाकशील, असं लोक येताजाता विचारायचे. पण पाणी हिरवं झालं आणि मासे अंगाने भरले. त्या वर्षी माझा भाऊ पुन्हा हसायला लागला होता.

मग पोळा आला, मीही सणाला घरी आले. गावचे बैल पिढ्यान् पिढ्या त्याच तळ्यात धुतले जायचे. आठवडाभर आभाळ होतं, ऊन नव्हतं. त्यात एवढी जनावरं उतरली तर गाळ उठेल, हिरवं मरेल, पाण्यातली हवा संपेल, हे मी बोलून दाखवलं आणि भावालाही ते कळत होतं. त्याने पारावर जाऊन हात जोडले आणि यंदा बैल नाल्यावर न्यायची विनवणी केली. नाल्याला पाणी होतं. सगळे आबांकडे बघू लागले.

आबा म्हणाले, "तळं गावनं शे, तुन्हं नही."

आणि सकाळी सगळ्यांच्या आधी आमचीच जोडी त्यांनी पाण्यात घातली. पोरासाठी गाव अडवलं असं कोणी म्हणायला नको, म्हणून! काय म्हणावं या माणसाला? भाऊ काठावर उभा होता. मध्येच एक बैल बुजला, आबांच्या हातून कासरा सुटला, तेव्हा भाऊच आत धावला. मग बाहेर न येता त्याने दोन्ही बैल स्वतः घासूनपुसून काढले. मागोमाग गाव उतरलं. दुपारपर्यंत पाणी चहासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मासे वर तोंड काढून तडफडत होते. ऊन वर येईपर्यंत तळं पांढऱ्या पोटांनी भरलं. मी तावातावाने आबांना गाळ, ऊन, हवा सगळं ऐकवत होते. भावानेच मला थांबवलं.

"ऱ्हाऊ दे. मंग मी काय गावले पोळा करू नका म्हणू?"

  गाळ काय, बसतोच. आठवड्याभरात पाणी पुन्हा हिरवं झालं, पण त्यात जगायला काही उरलं नव्हतं. ते बघून मला रडू आलं.

भाऊ माझ्याच गाडीने सुरतेला, पुन्हा मागावर निघाला. स्टेशनवर आबा खिडकीशी आले आणि म्हणाले, "पुढला पोळाले येशी ना?"

भाऊ हो म्हणाला. तो आला तो आबांना खांदा द्यायलाच.