काकूंशी बोललेलं खोटं

माझा पाय मोडला तो कुठल्या शिखरावर नाही, बसमधून उतरताना. टिटिकाका तळ्याच्या पेरूकडच्या काठावरच्या एका गावात मिनीबस थांबली. पाठीवरची सॅक सावरत मी पायरीवरून पाऊल खाली टाकलं, आणि रस्ता माझ्या अंदाजापेक्षा वीतभर खाली निघाला. घोट्यापाशी वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. मैत्रीण माझ्या मागूनच उतरत होती. तिलाही तो ऐकू आला.

आम्ही दोघी नेदरलँड्समध्ये राहतो. मी फेल्डहोवनला, चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या टेस्टिंगमध्ये. ती फोरबर्गला, विद्यापीठात संशोधक. ती नागपूरची, मी पुण्याची. ओळख इथलीच, भीमजयंतीच्या कार्यक्रमाच्या स्वयंपाकघरात ढीगभर कांदे चिरताना झालेली. त्या उन्हाळ्यात तिचं एक कॉन्ट्रॅक्ट संपत होतं आणि दुसरं सुरू व्हायला दोन महिने होते. "आता नाही गेलो तर रिटायर झाल्यावरच," ती म्हणाली. मी कशीबशी पाच आठवड्यांची रजा काढली.

प्रवास अगदी काटकसरीचा होता. आठ-आठ जणांच्या खोलीतल्या वरच्या-खालच्या खाटा, बाजारातलं दुपारचं जेवण, लांबच्या बसगाड्या. जेवणात आधी सूप यायचं, मग एकाच ताटात भात आणि बटाटे दोन्ही. इतक्या उंचीवर पाणी लवकर उकळतं आणि भात मात्र शिजत नाही, हे तिनं आधीच वाचलं होतं. म्हणून तिनं दोन लिटरचा कुकर बरोबर घेतला होता. मी तिला खूप हसले. पण कुस्कोच्या हॉस्टेलमध्ये पहिली शिट्टी झाली, सगळं स्वयंपाकघर दचकून वळलं, आणि थोड्या वेळानं दोन जर्मन मुली आमच्या कुकरमधली खिचडी मागून घेऊन गेल्या. कुकर एक दिवस तिच्या सॅकमध्ये, एक दिवस माझ्या. पडले त्या दिवशी तो माझ्याकडे होता. त्याच्यामुळे पडले असं मी कधी म्हटलं नाही, पण तिला ते वाटत राहिलं असावं.

गावातल्या दवाखान्यात एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म खिडकीकडे धरून नखानं एक रेघ दाखवली. इन्शुरन्सवाल्यांनी फोनवर सांगितलं, परत या, पुढचे उपचार इकडेच. लिमामार्गे स्किपोल विमानतळाचं तिकीट त्यांनीच काढलं.

मैत्रीण विमानतळापर्यंत आली. व्हीलचेअर येईपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो होतो.

"मीपण येते," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? येऊन काय करणार? माझा पाय धरून बसणार?"

"खरंच येते."

"नको गं. अजून बोलिव्हिया सगळा राहिलाय तुझा."

तिनं तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. पण तेवढ्यात व्हीलचेअर आली आणि ती माझी कागदपत्रं गोळा करायला लागली. निघताना ती वाकून म्हणाली, "आईला सांगू नकोस हं. आपण दोघी आहोत म्हणूनच ती हो म्हणाली होती. मी परत आल्यावर सांगेन."

मी मान हलवली. त्या वेळी ती फार छोटी गोष्ट वाटली.

तिच्या आईला मी काकू म्हणते. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी. मुलगी आणि मी जिथे असू तिथली वेळ कळावी म्हणून त्यांनी स्वयंपाकघरात दुसरं घड्याळ लावलं होतं. नागपुरात संध्याकाळचे सात वाजले की बोलिव्हियात सकाळचे साडेनऊ, हे त्यांना पाठ होतं. त्या वेळेला त्या फोन करत.

फेल्डहोवनला माझं घर दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. डच जिने म्हणजे शिडीच, भिंतीला टेकवून ठेवलेली. हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन लागणार नाही म्हणाले, प्लास्टर घातलं, सहा आठवडे पाय टेकायचा नाही असं बजावलं. टॅक्सीवाल्यानं कुबड्या हातात घेतल्या आणि मी बसून, एकेक पायरी ढुंगणावर सरकत, उलटी वर चढले. एकदा वर पोचल्यावर खाली जाण्याचं कारणच उरलं नाही. किराणा घरपोच यायचा. खिडकीखालून सायकलींचा रस्ता जातो. लोक उन्हात ऑफिसला जाताना दिसायचे, येताना दिसायचे.

पहिले पाच-सहा दिवस बरे गेले. मैत्रिणीचे फोटो यायचे: लाल मातीची बेटं, केबल कारमधून दिसणारं ला पाझ, कुकरमधला चवळीसारख्या कसल्याशा दाण्यांचा प्रयोग. काकूंना ती स्वतःच फोन करायची. माझ्याबद्दल विचारलं की, "अंघोळीला गेलीय," म्हणायची. मग एका दुपारी मेसेज आला: "उद्या मिठाच्या मैदानाकडे बस. रस्ता कुठेतरी बंद आहे म्हणतात. बघते."

मी लिहिलं, "जपून. पोचलीस की कळव." त्याच्यापुढे एकच टिक उमटली.

दुसऱ्या दिवशीही एकच टिक होती. दुपारी साडेतीनला, म्हणजे नागपुरातल्या सातला, माझा फोन वाजला. काकू.

"जय भीम, बेटा. हिचा फोन लागून नाही राहिला."

"जय भीम काकू. हो, इथे रेंज नाहीये तिच्या सिमला," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते इतकं सहज गेलं की मलाच आश्चर्य वाटलं.

"तुझा लागला तो?"

"माझं वायफाय आहे. हॉस्टेलचं."

"बरं. कुठे आहे ती?"

"बाजारात गेलीय. बटाटे आणायला."

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या चर्चची साडेतीनची घंटा झाली. "हे काय वाजलं?" काकूंनी विचारलं. मी म्हटलं, चर्च आहे इथे जवळच. ते तरी खरं होतं.

फोन ठेवला आणि मी ऑनलाइन बातम्या शोधायला बसले. त्या पठारावर गावकऱ्यांनी मागण्यांसाठी रस्ते अडवले होते. हे तिथे अधूनमधून होतंच असं वाचलं. फोटोत रस्त्यावर दगडांची रांग, मागे ट्रकांची रांग, मधे शेकोटी. एका बातमीत दगडफेक असा शब्द होता. भाषांतर यंत्रानं केलेलं, त्यामुळे नक्की कोणी कोणावर ते कळत नव्हतं.

ऑफिसात माझा एक स्पॅनिश सहकारी आहे. त्याला फोन केला. त्यानं हातातलं काम सोडून बसस्टँडवर, तिच्या हॉस्टेलवर, पुढच्या गावातल्या हॉस्टेलवर, सगळीकडे फोन लावले. तासाभरानं मला सांगितलं, "बस निघाली एवढं नक्की. दोन अडथळ्यांच्या मध्ये कुठेतरी थांबलीय. ड्रायव्हर फोन उचलत नाही. पुढच्या हॉस्टेलात ती पोचलेली नाही."

"मग आता?"

"आता काही नाही. तिथले लोक म्हणतात, थांबा."

आपल्या दूतावासालाही ईमेल केला, फोन केला. पलीकडचा माणूस सौजन्यानं बोलला. नाव, पासपोर्ट नंबर, शेवटचा मेसेज कधी आला, सगळं लिहून घेतलं. आणि म्हणाला, थांबा.

थांबण्याशिवाय मी दुसरं करतच काय होते? पाय उशीवर, फोन छातीवर. तिथे तिच्याबरोबर असते तरी मी त्या रस्त्यावरचा एक दगडही हलवू शकले नसते, हे मला कळत होतं. तरीसुद्धा घरात कुबड्यांवर या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत जायचे आणि परत यायचे. नकाशावर तो रस्ता इतका मोठा करून पाहायचे की शेवटी स्क्रीनवर नुसता पिवळा रंग उरायचा.

दुसऱ्या दिवशी काकूंना सांगितलं, ती झोपलीय, थोडी डोकेदुखी आहे, उंचीमुळे. हे सांगायला नको होतं. त्या नर्स. "उलट्या होतात का? चालताना तोल जातो का? ओठ कसे आहेत?" जी कुठे आहे तेच मला ठाऊक नव्हतं, तिचे ओठ गुलाबी आहेत म्हणून मी सांगत होते. तिसऱ्या दिवशी म्हटलं, ग्रुपबरोबर पुढे गेलीय, संध्याकाळी येईल.

"तू नाही गेली?"

"मला जरा पाय दुखतोय."

"बरं," काकू म्हणाल्या.

चौथ्या दिवशी मी फोन उचलायचा नाही असं ठरवलं होतं. वाजला तसा उचलला. चर्चची घंटा झाली. काकूंनी ती संपेपर्यंत ऐकली.

"बेटा, चार दिवस झाले, तुझ्या मागे हीच घंटा वाजून राहिली. तुम्ही तर रोज नवीन गावाला जात होत्या ना?"

मी कुबडीनं खिडकी ढकलून लावली.

"दे तिला फोन."

"काकू, ती इथे नाहीये."

"मग कुठे आहे?"

मी सगळं सांगितलं. पाय, विमान, विमानतळावरचं बोलणं, रस्ते अडवलेत, चार दिवस एकच टिक. मधे रडू आलं म्हणून थांबले. पलीकडून पंख्याची घरघर ऐकू येत होती, तेवढ्यावरून फोन चालू आहे हे कळत होतं.

"खोटं बोलून राहिल्या होत्या तुम्ही दोघी," त्या शेवटी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मी तीस वर्षं वॉर्डात लोकांच्या आयांना वाईट बातम्या सांगितल्या. मला एक सांगता नाही आली तुम्हाला."

"चुकलं काकू."

"चुकलंच." मग, "प्लास्टर कुठपर्यंत आहे?"

"गुडघ्याच्या खालपर्यंत."

"बोटं हलव. हलतात? निळी नाही ना पडली? पाय वर ठेवत जा, खाली लोंबकळू देऊ नको."

मी पलंगावर बसून बोटं हलवली आणि हलतात म्हणून सांगितलं. त्यांनी दुसऱ्यांदा हलवायला लावली.

पाचव्या दिवशी त्यांनी सकाळीच फोन केला. आता वेळ सांभाळायचं कारण नव्हतं. तिच्या सॅकमध्ये काय काय आहे ते विचारलं. मी आठवून सांगत गेले: गरम टोपी, स्लीपिंग बॅग, औषधांचा डबा, डाळ असेल अर्धा किलो, कुकर. "कुकर आहे ना," त्या म्हणाल्या, "म्हणजे उपाशी नाही राहणार." मग त्यांना बोलायला काही उरलं नाही, मलाही नाही. पण फोन कोणीच ठेवला नाही. त्यांनी तो ओट्यावर ठेवला असावा. भाजी फोडणीला टाकल्याचा आवाज आला, नळ आला, शेजारणीशी त्या दोन वाक्यं बोलल्या. मी इकडे चहा केला, एका पायावर उभी राहून. असा जवळजवळ तास गेला. त्या दिवसांतला तेवढाच एक तास मला आठवताना बरं वाटतं.

सहाव्या दिवशी दुपारी काकूंचा फोन आला. "आला तिचा. बरी आहे."

हकीकत मला त्यांच्याकडूनच कळली. बस दोन दिवस माळावर उभी होती. फोनची बॅटरी पहिल्याच रात्री संपली. मग प्रवाशांनी सॅका, गाठोडी, पोरं उचलली आणि अडथळ्यांच्या कडेकडेनं चालायला सुरुवात केली. मधे एका वस्तीवर दोन दिवस थांबले, मग पुन्हा चालत एका गावी पोचले, तिथे वीज होती.

मला तिचा मेसेज तीन तासांनी आला. "आईला सांगितलंस?" एवढाच.

तीन आठवड्यांनी ती स्किपोलहून थेट माझ्याकडे आली. नाकाची कातडी सोललेली, गाल तांबूस झालेले. सॅक दारात ठेवली, माझ्या प्लास्टरवर एकदा हात फिरवला आणि स्वयंपाकाला लागली. जेवण होईपर्यंत इकडचं तिकडचं बोललो. मग ती म्हणाली, "दोन दिवस अजून थांबता नाही आलं तुला? तिचं बीपी केवढं वाढलं होतं माहितेय? आता जन्मभर ती मला एकटीला सोडायची नाही."

"त्यांनी ओळखलं होतं."

"ओळखलं असलं तरी. तू कबूल करायला नको होतंस."

"मला काहीच कळत नव्हतं गं. तू जिवंत आहेस की नाही तेसुद्धा."

"तिथे मी अडकले होते," ती म्हणाली. "तू नाही."

ते खरंच होतं. मी घरात होते, उन्हात, पाय उशीवर ठेवून. भीती वाटण्याचा हक्क तिचा होता, असं त्या वाक्यानं ठरवून टाकलं.

भांडी घासताना तिनं पाठमोरीच सांगितलं की वस्तीवर थांबले असताना तिला ताप आला होता. एका म्हाताऱ्या बाईनं तिला लामाच्या लोकरीच्या घोंगडीत गुंडाळून चुलीपाशी निजवलं होतं आणि ती बाई काय बोलत होती त्यातलं एक अक्षर तिला कळत नव्हतं. "हे आईला नाही सांगितलं," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळून पाहिलं. मी म्हटलं, "नाही सांगणार." तिचा विश्वास बसला नाही हे दिसलं.

आमची मैत्री तुटली वगैरे नाही. ती अजून येते, आम्ही खिचडी करतो, भांडतो. काकू दर रविवारी मला फोन करतात. पाय केव्हाच बरा झाला तरी थंडीत दुखतो का म्हणून विचारतात. गेल्या महिन्यात मैत्रिणीनं पुढच्या उन्हाळ्याचा विषय काढला. एक्वाडोर, सहा आठवडे, ज्वालामुखींच्या रांगेतून. लॅपटॉपवर नकाशा उघडून तिनं रस्ता दाखवला.

"येणार ना?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, बॉस सलग एवढी रजा देत नाही. मी बॉसला विचारलेलंच नाही.